शेजारी बंब पेटतो तेव्हा : दमा, धूर आणि आपली गल्ली

धुळ्यात थंडी पडली की पारा एक आकडी होतो आणि आमच्या गल्लीत पहाटे साडेपाचला पहिला बंब पेटतो. तो पेटलाय हे मला डोळे उघडण्याआधी कळतं. घसा खवखवतो, कोरडी ढास लागते, छाती आवळून येते आणि श्वास सोडताना आतून बारीक शिट्टी वाजायला लागते. पाठीला उशी लावून मी उठून बसते. भिंतीपलीकडे नेहमीसारखी सकाळ चालू असते. बादलीची कडी वाजते, नातवाला हाका जातात. तिथं माझ्या वाईटावर कुणी नसतं. त्यांना आंघोळीला गरम पाणी हवं असतं, एवढंच.

मला सातवीपासून दमा आहे, म्हणजे तीस वर्षं होऊन गेली. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. या आजाराची आपल्याकडे भीती फार आणि माहिती थोडी, असं मला सतत दिसतं. वर्गात दर वर्षी एक-दोन मुलं अशी असतात की ती थंडीत मागच्या बाकावर गप्प बसून राहतात, आणि घरचे म्हणतात, 'त्याला सर्दी लवकर होते.' त्या घरांसाठी हे लिहिते आहे.

खान्देशातल्या माणसाला फुप्फुस समजावायचं तर ठिबकचं उदाहरण जवळचं. विहिरीवरून मेन लाइन येते, तिला सबमेन, सबमेनला लॅटरल आणि लॅटरलवर ड्रिपर. छातीतही असंच आहे. मोठ्या श्वासनलिकेला दोन फाटे, त्यांना पुन्हा दोन-दोन, असे वीसहून जास्त वेळा फाटे फुटत गेल्यावर शेवटी वायुकोश येतात. तिथं प्राणवायू रक्तात उतरतो. दम्यात हे शेवटचे ड्रिपर बहुधा ठणठणीत असतात. बिघाड असतो मधल्या नळ्यांमध्ये.

प्लास्टिकची लॅटरल निर्जीव असते, श्वासनळी जिवंत आहे. तिला आतून नाजूक अस्तर आहे आणि बाहेरून स्नायूंचे वेढे आहेत. दमेकऱ्याच्या नळीचं अस्तर कायम थोडं सुजलेलं असतं, अगदी त्रास नसलेल्या दिवशीही. अशा नळीला काही झोंबलं की बाहेरचे स्नायू आवळतात, अस्तर आणखी सुजतं आणि वर चिकट कफ सुटतो. तिन्ही गोष्टी मिळून नळीचं तोंड बारीक करतात. तोंड निम्म्यावर आलं तर हवा ढकलायला दुप्पट जोर लागेल असं आपल्याला वाटतं, पण हिशोब चौथ्या घाताचा आहे. विरोध जवळजवळ सोळापट होतो. म्हणून दम्याचा झटका असा अचानक भरल्यासारखा वाटतो. नळ्या तासभर हळूहळू आवळत असतात, आणि शेवटच्या थोड्याशा फरकाने माणूस उठून बसतो.

आणखी एक गोष्ट बाहेरून बघणाऱ्याला उलटी वाटते. दमेकऱ्याला श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त कष्ट पडतात. घेताना छाती फुगते, तिच्याबरोबर नळ्याही थोड्या ताणून उघडतात. सोडताना छाती दबते आणि नळ्याही दबतात. जुनी हवा आत अडकून राहते, म्हणून नवीला जागा होत नाही. 'हवाच मिळत नाही' असं तो सांगतो तेव्हा त्याची छाती खरं तर हवेने भरलेली असते. अशा वेळी त्याला आडवं झोपवू नका. बसू द्या, थोडं पुढे झुकू द्या, भोवतीची गर्दी हटवा.

आता धुराकडे येऊ. लाकूड पूर्ण जळालं तर वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि राख एवढंच उरायला हवं. धूर म्हणजे न जळता निसटलेलं लाकूड. ओलं लाकूड असलं की आधी त्यातलं पाणी आटवण्यात उष्णता जाते, आग थंड राहते आणि लाकडातले वायू न पेटताच वर जातात. जाळाने पेटलेल्या लाकडापेक्षा धुमसणारं लाकूड जास्त धूर सोडतं, ते यामुळेच. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलीन, बेंझीन असे वायू असतात. डोळे चुरचुरतात ते यांतल्या झोंबऱ्या वायूंनी. पण छातीला सगळ्यात महाग पडतात ते बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे २८ कण शेजारी शेजारी बसतील. लाकडाच्या धुरातले बहुतेक कण तर एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. नाकातले केस शेतातली धूळ अडवतात, हे कण त्यांना दादच देत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं सांगितलं. आपल्या देशाचं २००९ पासूनचं मानक ६० आहे. दोन्ही आकडे पूर्ण दिवसाच्या सरासरीचे आहेत, हे लक्षात ठेवा. बंब तासभर पेटतो. त्या तासात माझ्या खिडकीशी जे असतं ते दिवसाच्या सरासरीत विरघळून जातं, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या यंत्राला तर ते कळतही नाही. मोबाइलवर 'हवा समाधानकारक' दिसत असताना तुमचं मूल खोकत असेल, तर विश्वास मुलावर ठेवा.

पहाटच का? याला तीन कारणं आहेत आणि ती एकाच वेळी गाठतात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधे तापीचं खोरं, अशी आपली जमीन. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होऊन जड होते आणि खाली बसते. वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. तो झाकणासारखं काम करतो. धूर वर चढायला जातो आणि छपरांच्या थोडं वर जाऊन आडवा पसरतो. पहाटे शेताकडे गेलात तर गावावर ती निळसर पट्टी दिसते, तीच ही. ऊन चढून जमीन तापली की झाकण उघडतं. दुसरं कारण शरीराचं घड्याळ. सूज आवरणारं आपलं स्वतःचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं, आणि श्वासनळ्या पहाटे तीन-चारच्या सुमाराला सगळ्यात अरुंद होतात. तिसरं म्हणजे थंड कोरडी हवा, जी दमेकऱ्याला धुराशिवायही झोंबते.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळ जण ॲलर्जीच्या तपासण्या करून घेतात, त्यात काही निघत नाही, आणि मग 'धुराचं काही नाही, मनाचं आहे' असं ऐकवलं जातं. धुराचा त्रास मुळात ॲलर्जीचा नसतोच. परागकण किंवा धुळीतले किडे यांच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं, धूर अस्तराला सरळ पोळतो. म्हणून ॲलर्जीची रोजची गोळी धुरापासून वाचवत नाही. आणि हा त्रास दोन टप्प्यांत येऊ शकतो. पहिला लगेच, दुसरा काही तासांनी, सूज वाढल्यावर. पहाटे धूर घेतलेलं मूल दुपारी शाळेत धापा टाकतं आणि कुणाला सकाळची आठवणही येत नाही.

मला इतक्या वर्षांत उमगलेली गोष्ट एकच आहे. झटका येणार की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: नळ्या आधीच किती सुजलेल्या आहेत, आणि छातीत किती धूर गेला. आपल्याकडची माणसं एकतर फक्त धुरावर चिडतात, नाहीतर फक्त औषधावर भिस्त ठेवतात. एकीकडेच लक्ष दिलं तर दुसरीकडून मार बसतो.

सुजेचा इलाज म्हणजे रोजचा पंप. लोक सगळ्याच पंपांना 'दम्याचा पंप' म्हणतात, पण त्यांत दोन जाती आहेत. निळा बहुधा सालब्युटामॉलचा. तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, सुजेला मात्र हात लावत नाही. दुसऱ्यात ब्युडेसोनाइडसारखं स्टिरॉइड असतं, आणि तेच हळूहळू सूज उतरवतं. याचा परिणाम लगेच जाणवत नाही, दिवस-आठवडे जावे लागतात. म्हणून माणसं तो सोडून देतात आणि निळा तेवढा खिशात ठेवतात. ड्रिपला क्षार धरलेत आणि आपण रोज नुसतं नळीवर टपल्या मारतोय, तसं हे होतं. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'जिना' या गटाने २०१९ पासून सांगितलं आहे की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त वेळा निळा लागत असेल तर दमा ताब्यात नाही, हे समजून डॉक्टरांकडे जा.

'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा इलाज', हे मी नातेवाइकांकडून इतकं ऐकलंय की कॉलेजात दोन वर्षं मीही तो लपवून वापरला. आकडे बघा. सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, आणि त्याच औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची येते. म्हणजे एका गोळीत चाळीस फवारे. गोळी पोटातून सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथं हवं तिथंच बरंचसं उतरतं. स्टिरॉइडचंही तेच. वर्षातून चार-पाच वेळा 'सुई' टोचून घेऊन मोकळं होणाऱ्याच्या अंगात रोजच्या पंपवाल्यापेक्षा जास्त स्टिरॉइड जाऊ शकतं. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देतात तिथं आई मला घेऊन गेली होती. श्रद्धेने जायचं असेल त्याने जावं, पण खीर घेतली म्हणून पंप बंद करू नये. मी तसं केलं होतं, आणि त्या दिवाळीत अंथरुणावर बसून रात्री काढल्या.

पंप ओढायची पद्धत चुकली तर औषध जिभेवरच राहतं. हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून पंप दाबा आणि त्याच वेळी सावकाश खोल ओढा, मग दहापर्यंत मोजून श्वास रोखा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना स्पेसर, म्हणजे पंपापुढे लावायची पोकळ नळी, दिलीच पाहिजे. पावडरच्या कॅप्सूलचं यंत्र असेल तर उलट जोरात ओढायचं असतं. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकून टाका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा निळ्या पंपाने उतार पडत नसेल, तर उजाडायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून एकेक करून चार फवारे द्या. चार मिनिटं थांबून पुन्हा चार.

घरात धूर कमी कसा करायचा, याबद्दल बोलते. ओला रुमाल नाकाला बांधून उपयोग नाही. त्याने डोळ्यांना दिसणारी काजळी अडते, बारीक कण पार होतात. कापडी मास्कही तसाच. एन-९५ चेहऱ्यावर घट्ट बसला तर बहुतेक कण अडवतो, वायू अडवत नाही, आणि झटका आलेला असताना तो लावून बसणं अवघड जातं. म्हणून आधीची व्यवस्था महत्त्वाची. मी रात्री झोपतानाच बंबाकडची खिडकी लावते, खालच्या फटीत जुन्या नऊवारीची गुंडाळी बसवते. उजाडून ऊन गल्लीत उतरलं की सगळं घर उघडते, कारण दिवसभर कोंडून ठेवलेल्या घरात रात्रीचा धूर मुक्काम करतो. थंडी वाजते म्हणून बंद खोलीत शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं कधीच ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेत माणूस जातो. उन्हाळ्यात वेगळी गोष्ट. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय निभत नाही, आणि कूलर बाहेरची हवा आत ओढतो. शेजारी पालापाचोळा पेटला असेल तर कूलर तोच धूर पाण्यात भिजवून खोलीत फेकतो. ओल्या गवताने बारीक कण गाळले जात नाहीत. तेवढा वेळ कूलर बंद ठेवून नुसता पंखा लावा.

आणि आता शेजार. इथं मी आधी चुकले. एका पहाटे कुंपणावरून ओरडले, 'तुम्हाला माणसं मारायचीत का?' दोन महिने अबोला झाला आणि बंब तिथंच पेटत राहिला. नंतर संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, ओट्यावर बसले आणि म्हटलं, 'आक्का, पहाटे धूर माझ्या खिडकीत येतो. माले दम लागस.' त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, 'मग आधी काबर नही सांगं, माय?' त्यांना खोकला ऐकू येत होता, पण तो थंडीचा असेल असं वाटत होतं. मी पर्समधून पीक फ्लो मीटर काढून दाखवला. साधी प्लास्टिकची नळी असते, जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि श्वास किती वेगाने बाहेर पडला ते कळतं. माझा चांगल्या दिवसाचा आकडा ३८०. बंबाच्या दिवशी २९०. वहीत तारखेवार लिहिलेलं होतं. त्यांच्या सातवीतल्या नातवाने ते वाचलं आणि स्वतः फुंकून बघितलं. डॉक्टरांनाही ही वही उपयोगाची असते. आपल्या उत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं की सावध व्हायचं, ५० टक्क्यांखाली गेलं की दवाखाना.

आक्कांचं म्हणणंही खरं होतं. 'गॅस परवडस का आमले?' घरात सिलिंडर आहे, तो स्वयंपाकाला पुरवून वापरतात. पाण्यासाठी शेतातून कपाशीच्या काट्या येतात, फुकट. फुकटच्या जळणाशी उपदेशाने भांडता येत नाही. मग आम्ही एकेक गोष्ट बघितली. काट्या उघड्यावर दवात भिजत होत्या, त्यांच्यावर ताडपत्री आली. (तशीही काट्यांची गंजी उन्हाळाभर बांधावर ठेवू नये. गुलाबी बोंडअळी त्यांच्यावरच्या किडक्या बोंडांत दडून राहते.) पेटवायला प्लास्टिकची पिशवी आणि चपलेचा तुकडा वापरायचे, ते बंद झालं. हा बदल सगळ्यात मोठा, कारण प्लास्टिकचा धूर लाकडापेक्षा कितीतरी विषारी असतो आणि तो आधी पेटवणाऱ्याच्याच तोंडावर येतो. बंब माझ्या खिडकीखालून निघून परसातल्या निंबाकडे गेला. त्याचं धुराडं पत्र्याच्या पातळीला संपत होतं, त्याला वर नळी जोडून घेतली. हे बारकाईने करायला लागतं. धुराडं घरातला धूर बाहेर काढतं, पण त्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीसमोर आलं तर नुसती जागा बदलते.

एक हिशोब त्यांच्या नातवाने आणि मी वहीवर केला. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला सुमारे ०.५८ युनिट वीज लागते. थोडी वाया जाते म्हणून पाऊण धरू. एका माणसाची बादली पाऊण युनिटात तापते. म्हणजे म्हातारा-म्हातारी आणि नातू यांच्या लवकरच्या आंघोळी रॉडवर, आणि बाकीच्यांचा बंब सातनंतर, ऊन आल्यावर. रॉडचं बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, हे नातवाकडून पाच वेळा वदवून घेतलं.

काही दिवस असे असतात की त्या दिवशी मी कुणाला काही म्हणणार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीत सहा-सात ठिकाणी चुली मांडतात, त्यावर खापर पालथं पडतं आणि हातावर फिरवून पातळ केलेले मांडे त्यावर पसरतात. लेकी माहेरी आलेल्या असतात. थंडीत भरिताची वांगी काट्यांच्या जाळावरच भाजली जातात, कारण गॅसवरच्या भरिताला ती चव नाही, हे मलाही कबूल आहे. अशा दिवसांची तयारी मी आठवडाभर आधीपासून करते: रोजचा पंप एकही वेळ चुकवत नाही, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे निळा जवळ ठेवते, आणि चुली पेटतात तेव्हा वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे मारुतीच्या पाराकडे जाऊन बसते. जाळ बसला की परत येते. मांडा कोमट असला तरी आमरसाबरोबर चांगलाच लागतो.

कचरा जाळण्याला मात्र माझा विरोध आहे, आणि त्यात कसली परंपरा नाही. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली आणि ५,००० रुपये दंड सांगितला. मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. तक्रार लेखी द्या, फोटो आणि वेळ जोडा, पोच घ्या. घरच्या चुलीला आणि बंबाला हा आदेश लावायला जाऊ नका, तिथं ओट्यावर बसून बोलणंच कामाला येतं.

आमच्या मागच्या बाजूला रिकाम्या प्लॉटवर अजूनही आठवड्यातून दोनदा कचरा पेटतो. दोन अर्ज दिलेत, तिसरा उद्या देणार आहे. तोवर माझी खाट पुढच्या खोलीत आणली आहे. आज पहाटे आकडा ३६० होता.